क्रीडा प्रशिक्षकाचा चरितार्थ

खेळाचे तंत्र, शारीरिक तयारी आणि स्पर्धेतील वर्तन यांचे पद्धतशीर शिक्षण देऊन त्याच्या मोबदल्यावर उपजीविका करणारी व्यक्ती म्हणजे व्यावसायिक क्रीडा प्रशिक्षक. या व्याख्येचा पूर्वार्ध महाराष्ट्राला नवा नाही. उत्तरार्ध मात्र बराच अलीकडचा आहे. खेळ शिकवणारे गुरू गावोगावी होते आणि आहेत. परंतु त्या शिकवण्यावरच घर चालवणे, मुलांची शिक्षणे करणे आणि म्हातारपणाची सोय लावणे ही गोष्ट गेल्या तीन-चार दशकांतच काहींना साधू लागली आहे. ती कोणाला साधते आणि कोणाला साधत नाही, याचे उत्तर प्रशिक्षकाने किती विजेते घडवले यात क्वचितच सापडते. त्याच्याकडे कधीच विजेते न होणारी किती मुले नियमितपणे येतात, यावर ते अधिक अवलंबून असते.

वस्ताद, मानद गुरू आणि बँकेतील नोकरी

महाराष्ट्रातील प्रशिक्षकाचा पूर्वज म्हणजे तालमीतील वस्ताद. त्याचा योगक्षेम राजाश्रयावर चाले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरच्या तालमींना असा आश्रय मिळाला आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या खासबागेच्या मैदानाने कुस्तीला हक्काचे व्यासपीठ दिले. मल्लाचा खुराक दरबाराकडून येई, वस्तादाचा मानही तेथूनच येई. संस्थाने गेली, तेव्हा हा आधारही गेला.

दुसरी परंपरा व्यायामशाळांची. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४), दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) अशा संस्थांनी बलोपासनेला राष्ट्रकार्याचे रूप दिले. तेथे शिकवणे ही सेवा होती. समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना मल्लखांबाच्या प्रसारासाठी २०२४ मध्ये 'पद्मश्री' मिळाली, ती याच परंपरेला मिळालेली दाद होय. या परंपरेचे ऋण मोठे आहे. तिचा एक परिणाम मात्र आजच्या प्रशिक्षकाला रोज भोगावा लागतो. खेळ शिकवण्याचे पैसे मागणे हे काहीसे हलके काम आहे, अशी समजूत समाजाच्या मनात खोलवर रुजली. गणिताच्या शिकवणीची फी पालक आगाऊ भरतात. कबड्डीच्या प्रशिक्षकाला मात्र 'सर, बघू पुढच्या महिन्यात' असे सहज ऐकवले जाते.

तिसरी परंपरा मुंबईची. बँका, रेल्वे, गिरण्या आणि मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत. दुपारनंतर मैदानावर जाण्याची सवलत मिळे. खेळण्याचे दिवस सरले, की तोच कर्मचारी मैदानावर मुलांना शिकवू लागे. रमाकांत आचरेकर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. ते स्टेट बँकेच्या सेवेत होते आणि त्यांचा एकमेव प्रथम श्रेणी सामनाही १९६३ मध्ये मोईन-उद-दौला स्पर्धेत बँकेच्याच संघाकडून झाला. शिवाजी पार्कवर त्यांनी जे क्रिकेटपटू घडवले त्यांची नावे सांगायला नकोत. यष्टीवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्याची कथाही सर्वश्रुत आहे. नाबाद राहणाऱ्याला ते नाणे मिळे. या कथेतील रुपया गुरूकडून शिष्याकडे जातो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये 'पद्मश्री' मिळाली. परंतु या सगळ्या काळात घरखर्चाची चिंता वाहणारी एक पगाराची नोकरी पाठीशी होती. मुंबई क्रिकेटच्या वैभवाला बँकांच्या पगारपत्रकांनी किती अनुदान पुरवले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही; मांडला तर तो थक्क करणारा ठरेल.

खेळाडूंसाठीच्या अशा नोकऱ्या पुढे आटत गेल्या. त्याच काळात मध्यमवर्गीय पालकांच्या हाती पैसा आला आणि मुलाला खेळ शिकवण्यासाठी तो खर्च करण्याची तयारीही आली. या दोन घटनांच्या सांध्यावर आजचा फी घेणारा प्रशिक्षक उभा आहे.

एका वर्षाचा हिशेब

प्रशिक्षकाच्या मिळकतीबद्दल ऐकीव आकडे बरेच असतात. प्रत्यक्षात तिची घडण कशी असते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. जिल्ह्याच्या ठिकाणी एक बॅडमिंटन प्रशिक्षक आहे. त्याच्याकडे सकाळ-संध्याकाळ मिळून ४० मुले येतात आणि मासिक शुल्क १,५०० रुपये आहे. कागदावर दरमहा ६०,००० रुपये जमा होतात. यांतील चार मुले गुणी पण गरीब आहेत. त्यांच्याकडून तो काही घेत नाही. उरले ५४,०००. सभागृहाचे भाडे १८,०००, शटलचा खर्च १०,०००, सहायकाचे मानधन ९,००० असे ३७,००० रुपये वजा जाता हाती १७,००० राहतात. जून ते जानेवारी हे आठ महिने असे जातात, असे मानले तर १,३६,००० रुपये होतात.

फेब्रुवारी आणि मार्च हे परीक्षांचे महिने. फी देणारी मुले ३६ वरून २२ वर येतात. जमा ३३,०००. शटलचा खर्च ६,००० पर्यंत उतरतो. भाडे आणि मानधन काही उतरत नाही. म्हणजे ३३,००० आले आणि ३३,००० गेले. दोन महिने प्रशिक्षक रोज पहाटे पाच वाजता उठून फुकट राबतो.

मग एप्रिल उजाडतो. उन्हाळी शिबिराला प्रत्येकी २,००० रुपये देऊन ७० मुले येतात. १,४०,००० रुपये जमा होतात. भाडे १८,०००, जादा सहायकांचे २५,००० आणि शटलचे १७,००० जाऊन ८०,००० उरतात. मे महिन्यात मुले मामाच्या गावाला जातात. ३५ मुलांचे ७०,००० येतात आणि ४०,००० खर्च होऊन ३०,००० राहतात. वर्षाची एकूण कमाई झाली २,४६,००० रुपये, म्हणजे सरासरी महिन्याला २०,५००. त्यातील १,१०,००० रुपये एकट्या उन्हाळ्याने दिले.

आकडे बदलतील. पुण्या-मुंबईत शुल्क अधिक आणि भाडे त्याहूनही अधिक असेल. मैदानी खेळात शटलचा खर्च नाही, पण तेथे पावसाळ्याचे चार महिने आडवे येतात. आराखडा मात्र फारसा बदलत नाही. वर्षाच्या मिळकतीचा निम्म्याजवळ जाणारा हिस्सा अशा मुलांकडून येतो, ज्यांपैकी बहुतेक जूनमध्ये पुन्हा दिसत नाहीत. शिबिरातील सत्तर मुलांपैकी दहा टिकली तरी प्रशिक्षकाला वर्ष चांगले गेल्यासारखे वाटते.

आणि ती चार गुणी मुले? त्यांची बुडालेली फी दरमहा ६,००० रुपये. त्यांना स्पर्धेला नेण्याचे भाडे, कधी रॅकेटला नवी तार, कधी राज्य स्पर्धेच्या वेळी चार दिवस वर्ग बंद ठेवून सोबत जाणे, हे सारे त्यावर. वर्तमानपत्रात ज्यांच्यामुळे प्रशिक्षकाचे नाव छापून येते, तीच मुले जमाखर्चाच्या वहीत खर्चाच्या बाजूला असतात. अर्थात त्यांच्या नावामुळेच शिबिराला गर्दी होते, हेही खरे. म्हणून जाणते प्रशिक्षक या खर्चाकडे दानधर्म म्हणून पाहत नाहीत आणि त्याला बेहिशेबी वाढूही देत नाहीत. किती मुलांना माफी द्यायची, हे वर्षाच्या आरंभीच ठरवतात.

हा भार वाहण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तो संस्थेकडे सोपवणे. रोहित शर्माचे प्रशिक्षक दिनेश लाड बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये शिकवत होते. रोहितच्या घरच्यांना शाळेची फी परवडण्यासारखी नव्हती; लाड यांनी शाळेकडे शब्द टाकून ती माफ करून घेतली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. तिचा अर्थशास्त्रीय भाग सहसा सांगितला जात नाही. फीमाफीचा बोजा संस्थेने उचलला आणि म्हणूनच तो पेलला. लाड यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार जीवनगौरव विभागात मिळाला. दिलीप वेंगसरकर यांनी १९९५ मध्ये मुंबईत ओव्हल मैदानावर सुरू केलेली अकादमीही पुरस्कर्त्यांच्या बळावर मुलांना विनाशुल्क शिकवू शकली. हैदराबादेत पुल्लेला गोपीचंद यांनी अकादमी उभारताना राहते घर गहाण ठेवले होते, आणि मोठ्या देणगीदाराचा हात लाभला तेव्हा ती उभी राहिली. ऑल इंग्लंड विजेत्याची ही कथा असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या माजी राज्य विजेत्याला कर्ज कोण देणार?

दिवसाचे दोन तुकडे

या व्यवसायाची आणखी एक अडचण घड्याळाची आहे. मुले शाळेच्या आधी किंवा नंतरच येऊ शकतात. त्यामुळे विकता येण्याजोगा वेळ पहाटे साडेपाच ते आठ आणि सायंकाळी चार ते आठ असा साडेसहा तासांचा. मधली दुपार रिकामी, आणि संध्याकाळ घरच्यांसाठी कधीच मोकळी नाही. डॉक्टर किंवा वकील काम वाढले तर तास वाढवतो. प्रशिक्षकाला तास वाढवता येत नाहीत. मुलांची संख्या वाढवावी, तर शिकवण्याचा दर्जा उतरतो आणि चाणाक्ष पालक काढता पाय घेतात.

दुपार भरून काढणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. शाळेशी करार करून खेळाचे तास घेणे हा सर्वांत रूढ मार्ग. नोकरी न करणाऱ्या महिलांसाठी सकाळी दहानंतरचे वर्ग, ज्येष्ठांसाठी व्यायाम, कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी शनिवार-रविवारची सत्रे हेही पुष्कळांनी आजमावले आहे. मोठ्या वयाचे शिकाऊ फी वेळेवर देतात, परीक्षेसाठी गळत नाहीत आणि त्यांच्या आईवडिलांना उत्तरे द्यावी लागत नाहीत! जलतरण आणि टेनिसमध्ये अशा प्रौढ सभासदांवरच अनेकांचा चरितार्थ चालतो. स्पर्धात्मक खेळात वाढलेल्या प्रशिक्षकाला हे काम सुरुवातीला कमीपणाचे वाटते. दोन पावसाळे पाहिल्यावर वाटेनासे होते.

दहावी हा आणखी एक बांध. आठवीपर्यंत रोज येणारे मूल नववीत आठवड्यातून तीनदा येते आणि दहावीत येतच नाही. पाच-सहा वर्षे घडवलेला खेळाडू ऐन बहरण्याच्या वयात शिकवणीच्या वर्गाकडे वळतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी २००५ पासून लागू असलेले पाच टक्के समांतर आरक्षण यांनी काही पालकांना थोपवून धरले आहे. पण गुणांसाठी आलेला विद्यार्थी गुण मिळताच जातो, आणि प्रमाणपत्राला बाजारभाव आला की बोगस प्रमाणपत्रेही येतात. राज्यात तशी प्रकरणे उघडकीस आली आहेत. प्रामाणिक प्रशिक्षकाला त्याचा दुहेरी ताप होतो. प्रमाणपत्राची हमी मागणाऱ्या पालकाला नकार द्यावा, तर तो पालक हमी देणाऱ्याच्या दारी जातो.

शिक्षण आणि परवाने

प्रशिक्षक आणि शारीरिक शिक्षणाचा शिक्षक हे दोन व्यवसाय वेगळे आहेत, याचा उमेदवारांना अनेकदा उशिरा उलगडा होतो. बी. पी. एड. किंवा एम. पी. एड. ही पदवी शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकपदाची वाट उघडते. तेथे वेतनश्रेणी आहे, सुट्ट्या आहेत, निवृत्तीचे वय आहे. विशिष्ट खेळाचा प्रशिक्षक होण्यासाठीचे देशातील प्रमुख शिक्षण पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत मिळते. १९६१ मध्ये तेथील मोतीबाग राजवाड्यात सुरू झालेली ही संस्था आज नेताजी सुभाष यांच्या नावाने ओळखली जाते आणि १९८७ पासून ती भारतीय क्रीडा प्राधिकरणाचा, म्हणजेच 'साई'चा भाग आहे. तिची प्रशिक्षणाची पदविका एक वर्षाची असते. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. 'एनआयएस केलेला' हे विशेषण मैदानावर आजही वजनदार समजले जाते.

क्रिकेटमध्ये नियामक मंडळाच्या चढत्या पातळ्यांच्या परीक्षा आहेत. फुटबॉलमध्ये 'ई' व 'डी'पासून 'सी', 'बी', 'ए' आणि शेवटी 'प्रो' अशी परवान्यांची चढण आहे. वरच्या परवान्याशिवाय व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळत नाही. गोव्यात या शिडीचे मोल फार लवकर ओळखले गेले, कारण तेथे व्यावसायिक क्लब होते. धेम्पो क्लबला राष्ट्रीय लीगची पाच विजेतेपदे मिळवून देणारे आर्मांदो कुलासो २०११ मध्ये काही काळ राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते आणि २०२४ च्या द्रोणाचार्य पुरस्कारांत जीवनगौरव विभागात त्यांची निवड झाली. बुद्धिबळात जागतिक महासंघ 'फिडे'च्या प्रशिक्षक पदव्या आहेत. त्या टिकवण्यासाठी ठरावीक काळाने शुल्क भरावे लागते.

या पदव्यांचा खरा उपयोग कोठे होतो, हे नीट समजून घ्यायला हवे. नोकरी, करार, राष्ट्रीय शिबिर यांची दारे त्यांनी उघडतात. खासगी वर्गातील फी मात्र त्यांनी वाढतेच असे नाही. पालक प्रमाणपत्र क्वचितच पाहतात. ते शेजारच्या मुलाची प्रगती पाहतात. त्यामुळे वर्षभर मिळकत थांबवून पतियाळाला जाणे तिशीतल्या, संसार मागे लागलेल्या प्रशिक्षकाला परवडत नाही, आणि न गेल्यास संस्थात्मक नोकरी मिळत नाही. ही कोंडी फोडण्याचा शहाणपणाचा काळ म्हणजे विशीतला, खेळण्याच्या कारकिर्दीचा उतार दिसू लागतो तेव्हाचा. नेमके तेव्हा कोणालाच तो उतार मान्य करायचा नसतो.

सरकारी वाट

राज्याच्या क्रीडा खात्यात क्रीडा मार्गदर्शक ही पदे आहेत आणि कायम नोकरीचे आकर्षण मोठे आहे. 'साई'मध्ये प्रशिक्षकांची भरती अलीकडे कराराने झाली. २०२१ मध्ये प्रशिक्षक आणि सहायक प्रशिक्षक यांच्या मिळून ३२० जागांची जाहिरात निघाली, तीही चार वर्षांच्या कराराची. त्याआधी २०२० मध्ये केंद्राने भारतीय प्रशिक्षकांच्या वेतनावरील दरमहा दोन लाखांची मर्यादा उठवली होती. विदेशी प्रशिक्षकाला मिळणारी रक्कम आणि भारतीय सहकाऱ्याचे वेतन यांतील दरी हा फार जुना सल होता. मर्यादा उठल्याने शिखरावरच्या थोड्यांचे भले झाले. पायथ्याच्या प्रशिक्षकाला महत्त्वाचा वाटतो तो कराराचा काळ. ऑलिंपिकच्या आवर्तनाशी जुळणारी चार वर्षे प्रशासनाला सोयीची असतील. गृहकर्जाचे हप्ते वीस वर्षांचे असतात.

'खेलो इंडिया' योजनेतील लहान केंद्रांनी आणखी एक दार उघडले. माजी यशस्वी खेळाडूने केंद्र चालवायचे आणि शासनाने वर्षाला पाच लाख रुपये द्यायचे, अशी रचना आहे. प्रशिक्षकाचे मानधन, साहित्य, मुलांचा स्पर्धाखर्च हे सर्व त्या पाच लाखांत बसवायचे असते. तालुक्याच्या गावी ही रक्कम तुच्छ नाही. मात्र अनुदानाचा हप्ता लांबला, की केंद्रचालकाला उसनवारी करावी लागते आणि शासकीय केंद्र असल्याने मुलांकडून फी घेण्याचाही संकोच होतो.

व्यावसायिक लीगने काहींचे दिवस पालटले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आणि २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो सुरू झाल्यावर, जन्मभर मानद काम केलेल्या मराठी प्रशिक्षकांना प्रथमच करारपत्रावर सही करण्याची वेळ आली. पण संघ मोजके, हंगाम काही आठवड्यांचा, आणि संघ हरला की पहिली गदा प्रशिक्षकावर. या उत्पन्नाला बोनस समजावे. त्यावर संसार बेतू नये.

मान कोणाला, धन कोणाला

द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते आणि १९८६ मध्ये बुद्धिबळाचे रघुनंदन गोखले. पुरस्काराची रक्कम २०२० मध्ये वाढवून नियमित विभागात १० लाख आणि जीवनगौरव विभागात १५ लाख करण्यात आली. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्याला केंद्राकडून मिळणाऱ्या बक्षिसाच्या निम्मी रक्कम प्रशिक्षकांसाठी ठेवलेली असते. एकाहून अधिक प्रशिक्षक असतील, तर ती विभागली जाते आणि सुधारित नियमांत मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या पहिल्या प्रशिक्षकालाही वाटा आहे.

हा वाटा योग्यच आहे. त्याची विभागणी मात्र सोपी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसमध्ये २०२४ साली नेमबाजीत कांस्यपदक जिंकला. त्याची नेमबाजी राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत सुरू झाली आणि पुढे दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली तो घडला. देशपांडे यांची २०२४ च्या द्रोणाचार्य पुरस्कारासाठी निवड झाली. बहुतेक पदकांमागे असे दोन-तीन टप्पे असतात. वरच्या टप्प्यावरील नाव नोंदलेले असते. खालच्या टप्प्यावरच्या प्रशिक्षकाकडे, मूल आपल्याकडे केव्हा आले आणि केव्हा गेले, याचा कागदच नसतो. हजेरीपट, प्रवेश अर्ज, स्पर्धांच्या प्रवेशिका जपून ठेवणे हे कारकुनी काम त्याने कंटाळा म्हणून सोडलेले असते. पंधरा वर्षांनी शिष्य व्यासपीठावर उभा राहतो, तेव्हा गुरूपाशी एक जुने छायाचित्र तेवढे निघते.

तगून राहण्याच्या गोष्टी

वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या अकादम्यांमध्ये काही सवयी समान दिसतात. शुल्क महिन्याऐवजी तिमाहीचे आणि आगाऊ घेतले जाते; त्यामुळे परीक्षेच्या महिन्यांतील खड्डा बराचसा बुजतो. शाळेशी किंवा सोसायटीशी असलेला करार लेखी असतो, तोंडी नसतो. मुख्याध्यापक बदलले की तोंडी करार बदलतात. मैदानाच्या भाडेपट्टीची मुदत लक्षात ठेवली जाते, कारण महापालिकेचे मैदान किंवा संस्थेचे सभागृह हातचे गेले, तर दुसऱ्या दिवशी सगळा व्यवसायच रस्त्यावर येतो. एकाच शाळेवर किंवा एकाच मोठ्या पालकावर सारी मदार ठेवली जात नाही.

कराचा भाग अनेकांना अनपेक्षित असतो. क्रीडा प्रशिक्षणाला वस्तू व सेवा करातून मिळणारी सूट जुलै २०२२ पासून नोंदणीकृत धर्मादाय संस्थांपुरती उरली. एकट्याने काम करणाऱ्या प्रशिक्षकाला सेवांसाठीची वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा तारते. येथे उलाढाल म्हणजे एकूण जमा, नफा नव्हे. तीन-चार शाखा उघडणाऱ्याने हे आधी पाहावे.

मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न तर पैशाच्याही आधीचा. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा प्रशिक्षण केंद्रांनाही लागू आहे. सहायक नेमताना त्याची पूर्वपीठिका तपासणे, मुलींच्या वर्गाला व प्रवासाला महिला प्रशिक्षक असणे, पालकांना सराव पाहण्याची मुभा देणे या गोष्टी पाळणाऱ्या केंद्रांकडे पालकांचा ओढा स्वाभाविकच अधिक असतो. महिला प्रशिक्षकांची वाण मात्र सर्वच खेळांत आहे. पहाटे आणि सायंकाळी, म्हणजे नेमक्या घरकामाच्या वेळांत हे काम असल्याने अनेकजणी लग्नानंतर मैदान सोडतात. ज्या टिकल्या त्यांनी मोठे काम केले. ऑलिंपिक खेळलेल्या सुमा शिरूर यांनी नवी पनवेलमध्ये उभारलेले नेमबाजीचे केंद्र आणि त्यांना मिळालेला २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार ही त्याची साक्ष.

बुद्धिबळाची गोष्ट सर्वांहून निराळी. येथे मैदान नको, भाडे नको, पाऊस आडवा येत नाही आणि दुपारही रिकामी राहत नाही. नागपूरच्या किंवा सांगलीच्या घरात बसून प्रशिक्षक संगणकावरून परदेशातील मुलाला शिकवू शकतो आणि घड्याळातील फरकामुळे रात्रीचे तासही कामी येतात. २०२० च्या टाळेबंदीत मैदानी प्रशिक्षकांची मिळकत एका रात्रीत शून्यावर आली, तेव्हा बुद्धिबळाच्या प्रशिक्षकांकडे विद्यार्थी वाढत होते. नागपूरच्याच दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यानंतर विदर्भात या वर्गांची मागणी आणखी वाढणे साहजिक आहे. स्पर्धा मात्र आता गावातल्या प्रशिक्षकाशी नसते, ती जगभरच्या ग्रँडमास्टरांशी असते.

निवृत्तीचे काय

शिकवणाऱ्याचे शरीर हेच त्याचे भांडवल असते. दिवसाला शेकडो शटल टाकून देणाऱ्याचा खांदा, मॅटवर मुलांसोबत उतरणाऱ्याचा गुडघा पन्नाशीत तक्रार करू लागतो. भविष्य निर्वाह निधी नाही, उपदान नाही. २००९ पासून सर्व नागरिकांना खुली असलेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना किंवा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते उन्हाळी शिबिराच्या कमाईतून दरवर्षी भरणारे प्रशिक्षक आहेत, पण ते विरळा. बहुतेकांची उन्हाळ्याची कमाई फेब्रुवारी-मार्चची उसनवारी फेडण्यातच जाते.

अकादमी विकून चार पैसे गाठीशी बांधावेत, तर विकण्यासारखे थोडे असते. जागा भाड्याची, नाव स्वतःचे आणि पालकांचा विश्वासही त्या नावावरच. नव्याने घेणाऱ्याच्या हाती जाळ्या, चेंडूफेकीचे एखादे यंत्र आणि मुलांची यादी एवढेच येते. म्हणून जेथे वर्ग पुढे चालू राहिले, तेथे बहुधा एखादा जुना शिष्य आधी सहायक झाला, मग भागीदार झाला आणि जमाखर्चाची वही त्याच्या हाती देताना गुरूच्या हयातभर दरमहा किती द्यायचे, हे दोघांनी कागदावर लिहून ठेवले.